खंडेनवमीच्या सकाळची पाटी

इथे लोक चिंचेखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा असलं काय काय लिहितात, आणि खाली येऊन 'सीसीटीव्ही फुटेज टाका', 'त्या दिवशी काय जेवला होतात' असं विचारणारा खवचट माणूस तो मीच, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. आज माझी पाळी आलीय. तुम्हाला काय टोमणे मारायचे ते खुशाल मारा, मी वाचीन. फक्त एक विनंती — माऊस कसा सुरू करायचा ते सांगू नका. माऊस केव्हाच सुरू झालाय. आता त्याचं काय लोणचं घालायचं?

मी हैदराबादचा. विद्यानगरात, रेल्वे लायनीपासून तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. काचीगुड्याला एका छोट्या ऑफिसात मशिनी, म्हणजे कॉम्प्युटर, सांभाळतो. सगळं लिनक्सवर. वीस वर्षं झाली. माझ्या धंद्यात भूत नसतं, लॉग असतो... काय झालं, कुणी केलं, किती वाजून किती सेकंदांनी केलं, सगळी नोंद. नोंदीवर विश्वास ठेवायचा, माणसावर नाही, हे मी बाबांकडूनच शिकलो. बाबा जमिनीच्या दफ्तरात होते. त्यांचे वडीलही, निजामाच्या वेळेपासून. 'कागदावर नाही ते घडलंच नाही' हे बाबांचं पेटंट वाक्य. दफ्तरातली एक ओळ इकडची तिकडे करा म्हणून लोक घरी यायचे, मिठाईचे डबे आणायचे, आणि बाबा त्यांना दारातूनच त्यांच्या दख्खनीत 'नक्को मियाँ, नक्को' म्हणून वाटेला लावायचे. ते 'नक्को' मग घरातही आलं. चहा नक्को, पंखा नक्को. आम्ही बाकीचे आपले साधं 'नको' म्हणतो. बाबांचं नक्कोच.

दोन वर्षांपूर्वी बाबांना तो आजार झाला ज्यात स्नायू एकेक करून बंद पडत जातात आणि डोकं मात्र शाबूत राहतं. आधी पाय गेले, मग हात, मग वाचा. शेवटी उजव्या हाताचं एक बोट राहिलं. ते बोटही सारखं थरथरायचं, पण मनात आणलं तर खाली दाबता यायचं.

मी त्या बोटासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ उजळत जाते, हवी ती ओळ आली की क्लिक. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळतात, हवं ते आलं की पुन्हा क्लिक. झालं एक अक्षर. बोट थरथरून चुकून लागलेले धक्के प्रोग्रॅम सोडून द्यायचा, दाबून धरलेलं तेवढंच घ्यायचा. घरात त्याला आम्ही पाटी म्हणायचो. एका अक्षराला अर्धा मिनिट जायचा, कधी जास्त. बाबांची एक लकब होती — हवी ती ओळ पहिल्या खेपेला ते जाऊ द्यायचे आणि दुसऱ्या फेरीत धरायचे. पहिल्या खेपेला बहुतेक नीट बघून घेत असावेत. सही करायच्या आधी कागद दोनदा वाचायची सवय, दुसरं काय.

माऊस जुनाच होता. रिटायर झाल्यावर दहा वर्षं बाबांनी त्याच्यावर पत्ते खेळले, त्यामुळे त्याचं डावं बटण इतकं मऊ पडलेलं की त्या बोटाला तेवढंच जमायचं. नवे चार माऊस आणून बघितले, एकाचंही बटण बाबांच्यानं दबलं नाही. म्हणजे त्या एका माऊसमधून माझा बाप बोलत होता, एवढं लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, आता दोनच वाटा आहेत. दवाखान्यात नेऊन गळ्याला छिद्र पाडायचं आणि मशीनवर श्वास द्यायचा — त्यानं महिने निघतील, कदाचित वर्षही. नाहीतर घरीच ठेवायचं, त्रास कमी होईल तेवढं बघायचं, आणि जे होईल ते होईल. हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे, म्हणाले, सांगता येतंय तोवर विचारून घ्या.

अष्टमीच्या संध्याकाळी मी आणि आई त्यांच्यापुढे बसलो आणि विचारलं. बोललो मीच. बाबांनी पाटीच्या तीन-चार फेऱ्या तशाच जाऊ दिल्या. मग लिहिलं — 'विचार करतो. उद्या सांगतो.' डोळ्यांनी हो-नाही करून घ्यायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. ते त्यांना अजिबात चालायचं नाही. सुरुवातीला एकदा तसं विचारलं तर डोळे घट्ट मिटून घेतले आणि नंतर पाटीवर लिहिलं, 'मी काय मुका बैल आहे? पूर्ण वाक्यात बोलेन.' त्या दिवसापासून आम्ही नाद सोडला. रात्री जेवणाच्या आधी मी पाटीचं मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. कात्री, विळी, आईचं शिवणयंत्र, माझी गाडी, बाबांचे पेन. बाबा नोकरीत होते तेव्हा या दिवशी पेनाला शिवायचे नाहीत, कुणी दारात सही मागायला आलं तरी 'उद्या या'. तर यंदा आईनं पाटावर माऊस ठेवला. म्हणाली, यांचं आता हेच हत्यार. मला काय वाटलं सांगू? मला कौतुक वाटलं आईचं. फोटो काढला मी. आई पूजेला पाणी शिंपडते म्हणून मीच मशीनचा प्लग भिंतीतून काढला, माऊसची वायर गुंडाळून दिली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आणि बाबांना सांगितलं की आज तुमच्या माऊसला सुट्टी, उद्या दसऱ्याला सकाळी सकाळी बोलू. एका दिवसानं काय होतंय... असं मी म्हणालो. ज्या माणसानं 'उद्या सांगतो' म्हटलं होतं, त्याला.

बाबा पाटाकडे बघत होते. बोट चादरीवर वरखाली चालूच होतं. आई स्तोत्राची पोथी घेऊन त्यांच्याजवळ बसली. मी साडेअकराच्या सुमाराला दारात आलो तेव्हा ती त्या बोटाकडे बघून म्हणाली, "आज तरी आराम करा की हो. एक दिवस नाही लिहिलं तर काय बिघडतंय?" आणि तिनं आपला तळवा त्या बोटावर ठेवला आणि अलगद दाबून धरला. मग थोड्या वेळानं स्वैपाकाला उठली.

दुपारी दोनला मी मशीन लावलं. नाहीतरी रिकामंच आहे तर अपडेट उरकून घेऊ म्हटलं. हे माझं धंद्यातलं शहाणपण. नवा कर्नल आला होता. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, माऊस, कीबोर्ड, पडदा सगळ्यांशी तोच बोलतो. जागा कमी पडत होती म्हणून जुने कर्नल एका दमात उडवले. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला हौला, बिनडोक म्हणून फाडून खाल्ला असता — नवा चालतोय का बघितल्याशिवाय जुना काढायचा नाही, हे मी पोरांना शिकवतो. आणि घरी मी तेच केलं. एवढ्यावर थांबलो नाही, हात लागलाच आहे तर माझ्या लॅपटॉपचंही तसंच करून टाकलं.

संध्याकाळी पूजा उतरल्यावर माऊस लावला. मेलेला. खालचा लाल दिवासुद्धा लागला नाही. आधी वाटलं कुंकू आत गेलं, म्हणून खोलून कापसानं पुसला. मग मशीनचा लॉग बघितला. कर्नल माऊसला ओळख विचारत होता, उत्तर येत नव्हतं, एरर उणे एकाहत्तर. पुन्हा विचार, पुन्हा उणे एकाहत्तर. बाकीचे माऊस चालत होते, हाच नाही. लॅपटॉपला लावला, तिथेही तेच.

दसऱ्याला मी सकाळी सहापासून मशीनपुढे. जुना कर्नल उतरवून घेतला, तर पडदाच काळा. जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून मशीन उठेना. नव्या माऊसचं बटण काढून तिथे जुन्याचं बसवावं तर माझ्याकडे डाग द्यायची मशीन नाही, आणि दसऱ्याला कोण दुकान उघडतोय? आई दर तासाला येऊन दारात उभी राहायची, परत जायची. शेजारचे रेड्डीकाका जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची, पानं घेऊन आले, बाबांच्या हातात ठेवली, पाया पडले. बाबांना नीट कळलं असं वाटलं नाही. ते ग्लानीत जात होते. मी त्यांच्या बोटाखाली माझा तळहात धरला आणि अक्षरं तोंडानं म्हणत गेलो... क, ख, ग... पण बोट प्रत्येक अक्षराला थरथरत होतं, मला काही म्हणता काही कळेना. मग नाइलाजानं डोळ्यांचं विचारलं. दवाखान्यात नेऊ का, हो असेल तर डोळे मिटा. मिटले. घरीच ठेवू का? पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा काही न विचारताच मिटले.

चार वाजता ओठ निळे दिसायला लागले. आई म्हणाली, "तूच ठरव बाबा. मला नाही जमत." मी ठरवलं. ॲम्ब्युलन्स बोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्याला छिद्र पाडलं. मशीनवर ठेवलं. एकोणीस दिवस.

माऊस तिसऱ्या दिवशी सुरू झाला. एक ओळ लागली, फक्त एक. मशीन उठतानाच कर्नलला सांगायचं की यूएसबीला लावलेल्या वस्तूची ओळख आधी जुन्या पद्धतीनं करून घे. लाल दिवा लागला. मी लॅपटॉप आणि माऊस घेऊन आयसीयूत गेलो, सिस्टरच्या हातापाया पडून माऊस बाबांच्या बोटाखाली ठेवला. पाटीवरच्या ओळी उजळत राहिल्या, वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून. बोट हललं नाही. थरथरही थांबली होती. रोज जायचो, रोज ठेवायचो. बाबांचे डोळे उघडे असायचे पण माझ्याकडे बघायचे नाहीत, छताकडे. आजारानं असेल असं मी समजत होतो. आई बाहेरच्या बाकावर बसून विचारायची, काही म्हणाले का रे? एकोणिसाव्या दिवशी गेले.

जुना माऊस माझ्या मोबाईललाही एका छोट्या वायरीनं जोडता आला असता. दसऱ्याच्या सकाळी, दहा मिनिटांत. हे मला बाबांच्या दहाव्याला सुचलं. वीस वर्षांचा अनुभव म्हणे माझा.

आता खरी गोष्ट. इथवर सगळं माझ्या मूर्खपणानंच झालं, त्यात अमानवीय काही नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी दुपारी आई म्हणाली, यांनी पाटीवर जे जे लिहिलं ते सगळं कागदावर काढून दे मला. प्रोग्रॅम मी लिहिलेला, आणि माझा प्रोग्रॅम म्हणजे लॉग असणारच. कुठलं अक्षर, किती वाजता. वेगळी फाइल होती, ती मी कधी उघडलीच नव्हती, गरजच पडली नव्हती. उघडली. अगदी शेवटी गेलो. अष्टमीची संध्याकाळ — 'विचार करतो. उद्या सांगतो.' ती शेवटची ओळ असायला हवी होती.

तिच्याखाली अजून दोन ओळी होत्या. तारीख खंडेनवमीची. पहिलं अक्षर सकाळी दहा बावन्नला, शेवटचं अकरा बत्तीसला.

'घरीच. भोक नक्को.'

आणि खाली,

'शालू हात'

शालू म्हणजे माझी आई. तिला या जगात शालू म्हणणारा एकच माणूस होता.

मी काय काय तपासलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्मे आता तेच टाइप करत असतील. घड्याळ चुकलंय का? नाही. मशीन त्या सकाळी चालू होतं का? सिस्टमच्या लॉगप्रमाणे अष्टमीच्या रात्री बंद झालं ते थेट नवमीला दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी उठलं. प्लग मी स्वतः काढलेला. त्या वेळचा फोटो आहे माझ्याकडे, दहा चाळीसचा... पाटावर माऊस, वायर गुंडाळलेली, मागे भिंतीत रिकामं सॉकेट. नंतर कुणी फाइलमध्ये घातलं? पासवर्ड फक्त मला माहीत. आणि घालणारा दोन अक्षरांमधलं वेळेचं अंतरही जुळवेल का? मी जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. प्रत्येक ओळ पहिल्या फेरीत सोडलेली, दुसऱ्या फेरीत धरलेली. एकदाही चूक नाही.

डिस्क खराब होऊन कचरा लिहिला जातो, हे मला मान्य आहे. कचरा 'नक्को' लिहीत नाही.

हे कसं झालं ते मी आता शोधत नाही. मला दुसरंच खातंय. दसऱ्याच्या दिवशी, सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत, मी त्याच मशीनपुढे बसलो होतो. ती फाइल तिथेच होती. मी माऊसपायी परेशान झालो, उणे एकाहत्तर, उणे एकाहत्तर करत राहिलो, आणि बाबांनी तर आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पूर्ण वाक्यात, नोंद करून. एकदा, नुसती एकदा ती फाइल उघडली असती तर बाबा आपल्या पलंगावर गेले असते, आईजवळ. छताकडे बघत एकोणीस दिवस काढले नसते. ते माझ्याकडे का बघत नव्हते हे मला आता माहीत आहे.

आई मागे उभीच होती. "काय आहे रे शेवटी?" तिनं विचारलं. मी पडद्यावरचा मजकूर वर सरकवला, इतका की फक्त शेवटची ओळ आणि तिची वेळ दिसावी. तिनं चष्मा लावला. वाचलं. वेळही वाचली.

"मी हात ठेवला होता बघ तेव्हा," ती म्हणाली. "हात मागत होते. आणि माझा हात तिथंच होता."

तेराव्यातसुद्धा न रडलेली माझी आई खुर्चीत बसून रडली, आणि ते बरं रडणं होतं, मला कळत होतं. मशीन तर बंद होतं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. मी आणून दिलंही नाही.

मग मी तिला सगळं छापून दिलं. बावीस पानं. दफ्तरातली ओळ कुणाच्या बापासाठीही न हलवणाऱ्या माणसाचा मी मुलगा, आणि वीस वर्षांत ज्यानं कधी लॉगला हात लावला नाही त्या मी छापायच्या आधी एक ओळ काढून टाकली. 'घरीच. भोक नक्को.' ती आता फक्त मशीनमध्ये आहे, आणि आज इथे. आई मराठी पोथी वाचते, नेटवर येत नाही.

ती पानं तिनं पोथीत ठेवलीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवटची ओळ दाखवते, शेवटी यांनी माझा हात मागितला म्हणून सांगते. मी मान डोलावतो. पण त्या सकाळी साडेअकराला मी दारात होतो. आईनं तळवा दाबून धरला होता आणि त्याखाली ते बोट वर यायला धडपडत होतं. 'शालू, हात' च्या पुढचा शब्द मला माहीत आहे. 'काढ.'